सिग्नलिंगचा होस्ट बदलताय? आधी समोरच्याला फोन करा

प्रश्न : ताई नमस्कार, मी हिंजवडीला एका ऑपरेटरच्या एनओसीमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये) आहे, नाईट शिफ्टला. आमच्या एसटीपीची, म्हणजे सिग्नलिंग मेसेज पुढे पाठवणाऱ्या नोडची, सिग्नलिंग कार्डं नव्या सबनेटवर (नव्या आयपींच्या गटात) न्यायची आहेत. एमथ्रीयूए असोसिएशनचा (आयपीवरून सिग्नलिंग नेणाऱ्या कनेक्शनचा) लोकल होस्ट, म्हणजे आपल्या बाजूच्या आयपीचं नाव, बदलायला गेलो तर सिस्टिम कमांडच घेत नाही, रिजेक्ट मारते. सीनियर म्हणतात डिलीट कर आणि नव्या आयपीने परत बनव. लाइव्ह नोडवर डिलीट म्हटलं की पोटात गोळा येतो. दुसरा मार्ग आहे का? आणि आपण बदललं की समोरच्यालाही काही करावं लागतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डिलीट नका करू. डिलीट करायचं तर ती असोसिएशन आधी लिंकसेटपासून (एकाच नोडकडे जाणाऱ्या लिंकच्या गटापासून) सोडवा, मग परत बनवा, परत जोडा, पोर्ट, टायमर, स्ट्रीम सगळं हाताने भरा, आणि रात्री तीन वाजता त्यातलं एखादं राहतंच. कमांड रिजेक्ट होतेय कारण असोसिएशन अजून उघडी आहे, एवढंच. ओरॅकलच्या ईगल या एसटीपीवर ओपनचा फ्लॅग नो केल्याशिवाय होस्टला हात लावता येत नाही, दुसऱ्या बॉक्सवर याच गोष्टीला लॉक किंवा ब्लॉक म्हणतात.

क्रम असा, की आधी वरच्या थरावर ट्रॅफिक काढायचा म्हणजे एएसपी (एमथ्रीयूएमधलं ट्रॅफिक घेणारं टोक) इनअॅक्टिव्ह मग डाऊन, त्यानंतर असोसिएशन नीट शटडाऊन करून बंद, मग होस्ट बदल, मग परत ओपन. मधलं शटडाऊन लोकांना फालतू वाटतं पण तीच खरी गोम आहे. तुम्ही शटडाऊन न पाठवता नुसती केबल काढली किंवा कार्ड रिसेट केलं तर समोरचा बराच वेळ जुनी असोसिएशन जिवंत धरून बसतो, कारण एससीटीपी, म्हणजे एमथ्रीयूएच्या खालचा वाहतुकीचा प्रोटोकॉल, लगेच हार मानत नाही, डिफॉल्टला एकूण 10 रीट्रान्समिशन फुकट गेल्यावरच ती मेली असं समजतो. तेवढ्यात तुमच्याकडून नवं इनिट (कनेक्शन सुरू करायचा पहिला मेसेज) गेलं, आणि त्यात जुन्या आयपीसोबत नवा आयपीही असला, तर समोरचा ते घेत नाही, सरळ अॅबॉर्ट करतो. जुनी असोसिएशन उभी असताना रिस्टार्टच्या नावाखाली नवा पत्ता घुसवता येऊ नये म्हणून स्टँडर्डमध्येच तसं लिहिलंय, नाहीतर कोणीही येऊन दुसऱ्याचं कनेक्शन पळवेल. मल्टिहोमिंगमध्ये, म्हणजे एका असोसिएशनला दोन आयपी असताना, दोनपैकी एकच आयपी बदलला की नेमकं हेच होतं, आणि मग सगळे राउटिंगमध्ये शोधत बसतात.

आता समोरच्याचं. हो, त्याला बदलावंच लागतं. तुमचा लोकल होस्ट हा त्याचा रिमोट होस्ट असतो, आणि तुमचा अल्टरनेट लोकल हा त्याचा अल्टरनेट रिमोट. हँडशेकच्या वेळी इनिट आणि त्याच्या उत्तरात, म्हणजे इनिट अॅकमध्ये, दोन्ही बाजू आपापल्या आयपींची यादी देतात, आणि समोरचा बॉक्स कडक सेटिंगवर असेल तर आलेली यादी आणि त्याच्याकडे भरलेली यादी तंतोतंत जुळली नाही की उभाच करत नाही. पॉइंट कोड (सिग्नलिंगमधला नोडचा नंबर) मात्र तोच राहतो, त्यामुळे रूट आणि ग्लोबल टायटल (फोन नंबरसारखा सिग्नलिंगचा पत्ता) टेबलांना हात लावायची गरज नाही, इतकी डोकेदुखी वाचली.

एक टिप अशी की होस्ट टेबलमध्ये जुन्या नावाचाच आयपी बदलू नका, नवं नाव आणि नवा आयपी अशी वेगळी एंट्री टाका आणि असोसिएशनला ते नाव द्या, म्हणजे काही फिस्कटलं तर जुनं नाव परत दिलं की रोलबॅक झाला. आणि एका वेळी एकच असोसिएशन. एसएससेव्हनच्या (टेलिफोनच्या जुन्या सिग्नलिंग पद्धतीच्या) लिंक पूर्वीपासून 40 टक्के लोडवर डिझाइन करतात ते यासाठीच, एक पडली तरी दुसरी 80 वर जाऊन निभावते. पण तुमची आजची रिअल लोड बघा, कागदावरची नाही, कारण दुसरी भरली की सगळ्यात आधी लोकांचे ओटीपी अडकतात आणि मग फोन तुम्हालाच.

फायरवॉलची रिक्वेस्ट टाकताना नीट लिहा बरं का. एससीटीपी हा वेगळा प्रोटोकॉल आहे, आयपीमधला त्याचा नंबर 132, एमथ्रीयूएचा पोर्ट 2905. सिक्युरिटीवाले सवयीने टीसीपी 2905 उघडतात, तिकीट क्लोज करतात, आणि तुम्ही रात्रभर बघत बसता की इनिट जातंय पण परत काहीच येत नाही. ट्रेस लावला की कळतं: इनिटला पूर्ण शांतता असेल तर बहुतेक वेळा फायरवॉल किंवा राउटिंग, आणि लगेच अॅबॉर्ट येत असेल तर पॅकेट पोचतंय पण समोरच्याने तुमचा नवा आयपी किंवा पोर्ट भरलेला नाही. हँडशेक पूर्ण झाला, म्हणजे त्यातला शेवटचा मेसेज कुकी अॅक आला, असोसिएशन वर आली आणि तरी ट्रॅफिक शून्य असेल तर होस्टचा विषय संपला, आता एएसपी अॅक्टिव्ह झालाय का आणि राउटिंग काँटेक्स्ट (कोणता ट्रॅफिक ते ओळखायचा नंबर) दोन्हीकडे सारखा आहे का ते बघा.

चालू असोसिएशनमध्ये पत्ता जोडायची सोयही आहे, 2007 च्या आरएफसी 5061 या स्टँडर्डमध्ये, पण ती दोन्ही बाजूंना चालू असेल तरच. मी तरी तिच्या भरवशावर विंडो (बदल करायची ठरलेली वेळ) प्लॅन करणार नाही.

प्रश्न : आम्ही प्रत्येक असोसिएशनला दुसरा आयपी दिला, मल्टिहोमिंग केलं, सगळं हिरवं दिसत होतं. मग प्रायमरी स्विच गेला आणि जवळजवळ मिनिटभर मेसेज अडकले. मग दुसऱ्या आयपीचा उपयोग काय?
— नाशिक

उत्तर : उपयोग आहे, टायमर डिफॉल्टवर ठेवल्याने तो दिसला नाही. एक पाथ मेला असं ठरवायला एससीटीपीला डिफॉल्टने सलग सहा टाइमआउट लागतात, आणि प्रत्येक वेळी वेळ दुप्पट होत जातो : 1, 2, 4, 8, 16, 32 सेकंद, बेरीज 63. तुमचं मिनिट तिथे गेलं. आरटीओ (उत्तराची वाट बघायचा वेळ) मिनिमम आणि मॅक्सिमम खाली आणा आणि पाथ रीट्रान्समिशन 5 वरून 2 वगैरे करा, पण समोरच्याशी बोलून, आणि लिंकचा खरा राउंड ट्रिप टाइम मोजून, नाहीतर जरा कुठे डिले आला की पाथ उगाच फ्लॅप होईल, म्हणजे सारखा पडेल आणि उठेल.

दुसरं म्हणजे हिरवं दिसतं ते असोसिएशनचं. अल्टरनेट पाथ आतून मेलेला असला तरी असोसिएशन अप असते. हार्टबीट (पाथ जिवंत आहे का ते विचारणारा मेसेज) साधारण 30 सेकंदांनी जातो, त्याचा अॅक दोन्ही पाथवर येतोय का हे वेगळं बघा. आणि दोन्ही आयपी शेवटी एकाच स्विचमधून तर जात नाहीत ना, हे विचारायला लाजू नका, फार ठिकाणी जातात.

प्रश्न : नवीन नेमिंग पॉलिसी आली म्हणून एमएमईचं (4जीमध्ये फोनची नोंदणी सांभाळणाऱ्या नोडचं) डायमीटर होस्टनेम, म्हणजे डायमीटर या सिग्नलिंग प्रोटोकॉलमधलं नाव, बदलायचंय. आयपी तोच राहणार. फक्त नाव आहे तर दिवसा केलं तर चालेल ना?
— नागपूर

उत्तर : अजिबात नाही. आयपी बदलणं यापेक्षा सोपं असतं. डायमीटरमध्ये ओरिजिन होस्ट, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, हीच ओळख, आणि एचएसएस (ग्राहकांचा मुख्य डेटाबेस) प्रत्येक ग्राहकापुढे त्याच्या एमएमईचं नाव लिहून ठेवतो. तुम्ही नाव बदललंत की आधीपासून अटॅच असलेल्यांसाठी एचएसएस जुन्याच नावाने मेसेज पाठवत राहतो, प्रोफाइल अपडेट असो की कॅन्सल लोकेशन, आणि मधला डीआरए (डायमीटरचा राउटर) 3002 म्हणजे डिलिव्हर होत नाही असं सांगून परत करतो. तो ग्राहक पुन्हा लोकेशन अपडेट करेपर्यंत हे चालू. शिवाय पीअरच्या (थेट जोडलेल्या समोरच्या नोडच्या) टेबलात नवं नाव नसेल तर केपॅबिलिटी एक्स्चेंजलाच, म्हणजे सुरुवातीच्या ओळखीलाच, 3010, अननोन पीअर.

करायचंच असेल तर आधी सगळ्या पीअरवर नवं नाव जोडा, जुनं काढू नका. मग पूलमधल्या (एकमेकांचा भार घेणाऱ्या गटातल्या) बाकी एमएमईंवर ग्राहक हलवून हा रिकामा करा, मग रात्री नाव बदला. रिअल्म, म्हणजे नावातला नेटवर्कचा भाग, तोही तपासा, एमएनसी (ऑपरेटरचा कोड) दोन आकडी असला तरी रिअल्ममध्ये पुढे शून्य लावून तीन आकडी लिहायचा असतो, आणि हे शून्य दर वेळी कोणीतरी विसरतं. आणि कनेक्शन सोडताना डिस्कनेक्टचं कारण रीबूटिंग द्या. आणखी एक पर्याय स्टँडर्डमध्ये खरंच 'मला तुझ्याशी बोलायचं नाही' अशा नावाचा आहे, तो चुकून गेला तर समोरचा पीअर स्वतःहून परत जोडायला येईलच असं नाही, मग त्यांच्या एनओसीला उठवत बसावं लागेल.