वाचकांचे प्रश्न : बंद पडलेली सर्व्हिस आपोआप उठवायची कशी?

(आज्ञा आणि सेटिंगची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाइप करा. ‘रिस्टार्टसेक’सारखी सेटिंगची जोडनावे सलग लिहायची, पण आतल्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे.)

प्रश्न : हळदीच्या सौद्यानंतर शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणारा प्रोग्रॅम आमच्या उबुंटू सर्व्हरवर ‘पट्टी’ नावाची सर्व्हिस म्हणून चालतो. महिन्यातून दोन-तीनदा तो मरतो. दर पाच मिनिटांनी ‘पीएस’च्या (चालू प्रोग्रॅमांच्या) यादीत ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने नाव शोधून, नसेल तर सुरू करणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) घातली आहे. तरी सकाळी तो बंदच सापडतो.
— अडत दुकानदार, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : ग्रेप ‘पट्टी’ शोधतो तेव्हा ‘पीएस’च्या यादीत ग्रेपची स्वतःचीही ओळ असते आणि त्या ओळीत ‘पट्टी’ हा शब्द असतोच. प्रोग्रॅम मेलेला असला तरी नाव सापडते, म्हणून क्रॉन स्वस्थ बसतो. ती ओळ दुरुस्त करत बसू नका, काढूनच टाका. उबुंटूत सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा सिस्टिमडी हाच ‘पट्टी’चा पालक आहे. पोर मेल्याचे त्याला त्याच क्षणी कळते, पाच मिनिटे थांबावे लागत नाही.

‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट पट्टी’ ही आज्ञा द्या. उघडलेल्या फाइलमध्ये ‘सर्व्हिस’ या चौकटी कंसातल्या मथळ्याखाली रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर आणि रिस्टार्टसेक=30 लिहा. ‘युनिट’ मथळ्याखाली स्टार्टलिमिटइंटर्व्हलसेक=300 आणि स्टार्टलिमिटबर्स्ट=5. या शेवटच्या दोन ओळी चुकून ‘सर्व्हिस’खाली गेल्या तर निदान इंटर्व्हलची ओळ तरी सिस्टिमडी लॉगमध्ये एक इशारा टाकून सोडून देतो, आणि तो इशारा सहसा कोणी वाचत नाही.

आकडे असेच का? काहीच लिहिले नाही तर दोन प्रयत्नांमध्ये जेमतेम 100 मिलिसेकंद जातात आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झाले की सिस्टिमडी हात टेकतो. वीज गेली-आली, डेटाबेस अजून उठतोय आणि ‘पट्टी’ त्याच्याशिवाय लगेच मरते, अशा वेळी पाचही प्रयत्न डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतात. मग सर्व्हिस रात्रभर पडून राहते. उलट नुसते रिस्टार्टसेक=30 लिहिले तर 10 सेकंदांत पाच प्रयत्न कधी होणारच नाहीत, म्हणजे मर्यादाच लागू होणार नाही. बिघाड कायमचा असला तरी मरणे-उठणे अखंड चालेल आणि लॉगने डिस्क भरेल. वरच्या आकड्यांनी सुमारे अडीच मिनिटे धडपड होते, मग ती थांबते. थांबलेली सर्व्हिस मूळ दोष काढल्यावर ‘सिस्टिमसीटीएल रिसेट-फेल्ड पट्टी’ देऊन पुन्हा सुरू करायची.

चाचणी घेताना नुसते ‘किल’ वापरू नका. त्याने टर्म, म्हणजे ‘थांब’ असा सिग्नल जातो. त्यावर प्रोग्रॅम थांबला तर सिस्टिमडी ते नीट थांबणे समजतो, आणि ऑन-फेल्युअर असताना पुन्हा सुरू करत नाही. सेटिंग चालत नाही असा समज होतो तो इथेच. ‘किल -9’ द्या, तीस सेकंद थांबा, मग स्टेटस पाहा. ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ने तुम्ही स्वतः बंद केलेली सर्व्हिस मात्र बंदच राहते. बॅकअपच्या वेळी तेच हवे असते.

आता मूळ दुखणे. ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ ही अक्षरे शोधा. सापडली तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) प्रोग्रॅम मारला आहे, आणि मेमरीचा बंदोबस्त केल्याशिवाय ते थांबणार नाही. ‘सिस्टिमसीटीएल शो -पी एनरिस्टार्ट्स पट्टी’ ही आज्ञा सर्व्हिस आपोआप किती वेळा उठवली ते सांगते. हा आकडा आठवड्याला पाहायची सवय लावा. आपोआप उठण्याचा तोटा हाच की दुखणे झाकले जाते.

प्रश्न : स्टेटसमध्ये ‘ॲक्टिव्ह, रनिंग’ असे हिरवे दिसते, पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही.
— एक वाचक, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : प्रोसेस जिवंत आहे, पण अडकली आहे. सिस्टिमडीला जिवंतपणा दिसतो, काम दिसत नाही. वॉचडॉगसेक नावाची सोय आहे, पण प्रोग्रॅमने स्वतः ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा निरोप द्यावा लागतो. तशी व्यवस्था नसलेल्या प्रोग्रॅमला हे सेटिंग लावले तर धडधाकट सर्व्हिस मारली जाईल.

तुमच्यासाठी मॉनिट हा सर्व्हिसवर पाळत ठेवणारा प्रोग्रॅम बरा. ‘सेट डेमन 60’ ठेवा म्हणजे मिनिटाला एक फेरी होते. तुमच्या पोर्टवर एचटीटीपी उत्तर 15 सेकंदांत न आल्यास आणि असे सलग 3 फेऱ्या झाल्यास रिस्टार्ट, असा नियम लिहा. एकाच फेरीवर रिस्टार्ट नको, महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट चालू असताना पान उशिरा उघडणारच. स्टार्ट आणि स्टॉपच्या आज्ञांमध्ये सिस्टिमसीटीएलचा पूर्ण पाथ द्या, मॉनिटला तुमच्या लॉगिनचा पाथ मिळत नाही. नियमांच्या फाइलची परवानगी 0600 हवी. ‘मॉनिट -टी’ने फाइल तपासून मगच रिलोड करा. दुरुस्तीसाठी सर्व्हिस थांबवायची तर आधी ‘मॉनिट अनमॉनिटर’, नाहीतर तुम्ही बंद करताय आणि तो सुरू करतोय असा खेळ रंगतो.

प्रश्न : सर्व्हिस पडली की मेल यावा म्हणून ऑनफेल्युअर ही ओळ घातली. सर्व्हिस मरते, पण मेल येत नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : रिस्टार्ट लावलेले असताना प्रत्येक मरणाला मेल येत नाही. प्रयत्नांची मर्यादा संपून सर्व्हिस ‘फेल्ड’ झाली की मगच ऑनफेल्युअर जागे होते. मर्यादाच लागत नसेल तर मेल कधीच येणार नाही. वरच्या उत्तरातले आकडे इथेही तपासा.

मशीनच बंद पडले तर मेल पाठवणार कोण? पोर्ट तपासणारी एक नजर दुसऱ्या जागेवरच्या मशीनवर हवी. वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावे अशी बायोसमध्ये सोय असते, ती लावा. सर्व्हिसला ‘सिस्टिमसीटीएल इनेबल’ दिले आहे का तेही बघा, नुसत्या स्टार्टने ती पुढच्या बूटला उठत नाही. आणि सर्व्हर तळमजल्यावर असेल तर वर हलवा. सांगलीतले 2005 आणि 2019चे महापूर पाहिलेल्यांना त्याचे कारण सांगायला नको.