धंदा पूर्ण ऑनलाइन असेल तर लोकांना प्रत्यक्ष भेटून काही फायदा होतो का?

होतो, पण कार्डं वाटत फिरून नाही. मी परळहून इन्स्टाग्रामवर कुर्ते विकते. दोन वर्षं कापडाचे भाव व्हॉट्सअ‍ॅपवरच विचारायचे, उत्तर ठरलेलं, "कमीत कमी ५० मीटर." शेवटी एकदा मंगलदास मार्केटात जाऊन बसले. शेठनी ठाण उलगडून कापड चिमटीत धरायला लावलं, कुठला रंग पहिल्या धुण्यात जाईल ते सांगितलं आणि चहा संपेपर्यंत १० मीटरवर आले. आता उधारीही देतात, जी फोनवर जन्मात मिळाली नसती.

मराठी उद्योजकांमध्ये ओळखी करायच्या असतील तर माधवराव भिडेंनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब आहे. बैठकीला पाहुणं म्हणून येता येईल का, ते विचारून घ्या. फक्त पहिल्याच भेटीत माल विकायला बसू नका. लोक टाळायला लागतात (मी केलंय).