टीचिंग युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी केल्यावर पुढे पीएचडी मिळते का?

तुमच्या मुलीला कॅलिफोर्नियात यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) प्रवेश मिळाला नाही, कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) मिळाला, आणि 'ती नुसती शिकवणारी युनिव्हर्सिटी, पुढे पीएचडी कोण देणार' असं कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय. मी लॉस एंजेलिसजवळच्या एका कॅल स्टेट कॅम्पसवर सायकॉलॉजीत बीए केलंय. पीएचडी मिळते. फक्त मुलीने दुसऱ्या वर्षापासूनच हातपाय हलवायला हवेत.

कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षणाच्या १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये संशोधन आणि पीएचडी यूसीकडे गेली, बॅचलर्स-मास्टर्स कॅल स्टेटच्या वाट्याला आलं. त्यामुळे सॅन डिएगो स्टेटसारखा अपवाद सोडला, तर इथल्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये पीएचडीची पोरं नसतात. म्हणजे प्राध्यापकांच्या लॅबमधलं काम करणार कोण? बीए-एमएवालेच! मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिटीत जे काम पीएचडीवाल्यांकडे जातं, ते इथे विसाव्या वर्षी हातात पडतं.

मला पहिलं काम मिळालं ते सर्व्हेचा डेटा साफ करायचं. इंट्रो सायकॉलॉजीच्या पोरांना क्रेडिटसाठी कुणाच्या तरी प्रयोगात भाग घ्यावा लागतो, नाहीतर त्याऐवजी निबंध लिहावा लागतो. साहजिकच काहीजण सगळ्या प्रश्नांना '४' ठोकून पळतात. मी अशा ओळी उडवायला निघाले, तर लॅबच्या प्राध्यापक मॅडमनी थांबवलं. कुणाची उत्तरं वगळायची हा नियम डेटा बघायच्या आधी लिहून ठेवायचा असतो. नंतर ठरवलं तर माणूस नकळत आपल्याला हवा तसा निकाल काढतो. रिसर्च मेथड्सच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात उरकलेलं असतं.

अडचणीही आहेत. एकेक प्राध्यापक सेमिस्टरला तीन-चार कोर्स शिकवतो, लॅब छोट्या, जागा मोजक्या. वर्गात मागे बसून 'ए' मिळवणाऱ्याला कुणी बोलवायला येत नाही. ऑफिस अवर्सला जाऊन बसायचं, स्टॅटिस्टिक्सचा पेपर लवकर उरकायचा आणि वेस्टर्न सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात आपल्या संशोधनाचं निदान एक पोस्टर लावायचं. पीएचडीच्या अर्जाला लागणारी शिफारसपत्रं अशा कामातूनच मिळतात.

आणि तिला संशोधन नकोच असेल, नुसतं समुपदेशन करायचं असेल, तर पीएचडीचा घोर कशाला? कॅलिफोर्नियात त्या विषयातलं मान्य मास्टर्स, देखरेखीखालचे ३,००० तास आणि परीक्षा एवढ्यावर मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टचं लायसन्स मिळतं. नुसत्या बीएवर मात्र नाही.

मुलगी एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर येणार असेल तर एक गोष्ट आत्ताच बघा. डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे आपल्या विषयातल्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. डिग्रीचा कोड (विषयाचा सरकारी वर्गीकरणातला क्रमांक) स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या यादीत असेल तर आणखी २४. जनरल सायकॉलॉजीचा ४२.०१०१ हा कोड त्या यादीत नाही, कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीचा आहे. प्रवेश पक्का करण्याआधी डिपार्टमेंटला मेल टाकून डिग्रीचा कोड विचारून घ्या.