मोगऱ्याची फांदी पाण्यात ठेवून रोप होतं का? सोलापूरच्या उन्हात ते जगेल का?

पाण्यात फांदी ठेवायचा नाद सोडा. मुळं धरलीच तरी असलं नाजूक रोप आपल्या काळ्या मातीत टिकत नाही. दाब कलम करा. पाऊस सुरू झाला की जमिनीलगतची फांदी वाकवायची, डोळ्याखालची, म्हणजे पान फुटतं त्या गाठीखालची साल जरा खरवडायची, तेवढा भाग दोन-तीन इंच मातीत दाबून वर विटेचा तुकडा ठेवायचा. शेंडा बाहेर. दोन-तीन महिन्यांत मुळं सुटतात.

उन्हाचं म्हणाल तर मोगऱ्याला ऊन हवंच. पारा ४२ वर असतो तेव्हाच आमचा मोगरा बहरात असतो.

खरी गोष्ट छाटणीची आहे. आमच्या दारातला बटमोगरा सासऱ्यांनी लावलेला. पुरुषभर वाढला होता, पण नुसता पाला. थोरले भाऊजी कात्री लावू देत नव्हते. 'बाबांच्या हातचं झाड आहे,' एवढंच म्हणायचे. आणि हेच भाऊजी सांगोल्याकडच्या शेतात डाळिंबाचा बहार धरताना पाणी तोडून ताण देतात, पानगळ करतात, छाटणी करतात! तिथे चालतं, मग दारात का नाही?

एका वर्षी जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकली आणि मी गुडघ्याएवढा ठेवून सगळा छाटला. उरलेली पानं ओरबाडली, पाणी तोडलं. तो बोडका खुंट बघून भाऊजी जेवायला बसले नाहीत. फेब्रुवारीत आळं करून शेणखत घातलं, पाणी सोडलं. काडीकाडीला पोपटी धुमारे आले आणि धुमाऱ्यांच्या टोकांना तीन-तीन कळ्यांचे झुबके. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, जुन्या लाकडावर नाही. बाबांचं झाड जपायचं म्हणजे ते फुलतं ठेवायचं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. तुमच्याही घरी कुणी कात्री अडवत असेल तर ऐकू नका.

हो, एक राहिलं. पाणी तोडायचं ते जमिनीतल्या जुन्या झाडाचं. कुंडीतल्याचं किंवा नव्या कलमाचं तोडलंत तर ते वाळून जाईल. आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडलं तर खत ओतत बसू नका. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात झाडाला लोह मिळत नाही. थोडं हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा.