किल्ल्या कोणाच्या कमरेला?

वाचकांचे प्रश्न : चिनी मालिका

या वेळचे बहुतेक प्रश्न ‘द स्टोरी ऑफ मिंगलान’ या मालिकेवर आहेत. २५ डिसेंबर २०१८ पासून हुनान टीव्हीवर ती दाखवली गेली. भाग ७३, मुख्य भूमिकेत चाओ लीयिंग आणि फंग शाओफंग. काळ उत्तर सोंग राजवटीचा, म्हणजे अकरावं शतक. शंग हे मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याचं घर आणि मिंगलान ही त्या घरातली सहावी मुलगी. शेवटचे दोन प्रश्न मात्र वेगळे आहेत.

मिंगलान जन्मदात्या आईला ‘आई’ म्हणत नाही आणि वडिलांच्या दुसऱ्या बाईला म्हणते. हे भाषांतर चुकलंय का? (सांगली)

भाषांतर बरोबर आहे. घोळ होतो तो ‘सवत’ हा शब्द डोक्यात ठेवून बघितल्यामुळे. आपल्याकडच्या जुन्या घरांत थोरली आणि धाकटी दोघीही लग्नाच्या असत. सोंगकालीन चीनमध्ये लग्नाची बायको एकच. बाकीच्या ‘छ्ये’, म्हणजे करार करून घरात आणलेल्या बायका. त्यांना बसायला पालखी मिळेल, पण पूर्वजांपुढे नवऱ्याशेजारी उभं राहायला मिळणार नाही. त्यांची मुलं कायद्याने लग्नाच्या बायकोची. म्हणून मिंगलान वांगबाईंना ‘आई’ म्हणते आणि जन्म देणाऱ्या वेईला ‘स्याओन्यांग’, म्हणजे शब्दशः ‘लहान आई’. इंग्रजी उपशीर्षकांत सगळ्यांना एकच शब्द वापरतात, तिथे हा फरक पुसला जातो.

लग्नाच्या बाजारात हाच फरक रोकडा होतो. लग्नाच्या बायकोच्या मुलीला चिनीत ‘ती’ म्हणतात, करारवालीच्या मुलीला ‘शू’. मोठ्या घराण्यांना सून लग्नाच्या बायकोचीच मुलगी हवी. त्यामुळे मिंगलानचं लग्न जहागीरदार घराण्यातल्या कू थिंगयेशी ठरतं तेव्हा तिचं नाव वंशावळीत वांगबाईंच्या नावाखाली लिहून घेतात. वहीतली ही एक ओळ फिरेपर्यंत प्रेम, हुशारी, रूप यांतलं काहीच कामाला येत नाही. पडद्यावर हा प्रसंग झटकन जातो, चहा ओतायला उठू नका.

‘कारभार काढून घेतला’ म्हणताच बायकांचे चेहरे उतरतात. नेमकं काय काढून घेतात? (ठाणे)

किल्ल्या, हिशेबाच्या वह्या आणि ‘त्वेइपाय’. हे तिसरं नीट बघा. बांबूची किंवा लाकडाची पट्टी असते आणि तिचा जोड कोठारात असतो. दासी येते, अमक्या वाड्यात दोन थान कापड हवं म्हणते. कारभारीण वहीत लिहिते आणि पट्टी हातात देते. कोठीवाला जोड जुळवून बघतो, माल मोजून देतो आणि पट्टी परत जाते. पट्टी नाही तर माल नाही, मग मागणारी कोणी का असेना.

म्हणजे ज्या बाईकडे पट्ट्या, तिला कोणाचा छळ करायला आवाज चढवावा लागत नाही. कोळसा चांगला देण्याऐवजी धुराचा द्यायचा. औषध आज मागितलं तर ‘वहीवाली बाई बाहेर गेलीये’ म्हणून उद्यावर टाकायचं. खात्रीची दासी काढून तिच्या जागी आपली पेरायची. तक्रार करायला गेलं तर वहीत सगळं दिल्याचंच लिहिलेलं. सुरुवातीच्या भागांत यांगचौ शहरातल्या घरात लिनने, म्हणजे मिंगलानच्या वडिलांच्या लाडक्या छ्येने, हेच चालवलेलं आहे. गरोदर वेईच्या खोलीत ऐन थंडीत कोळसा नाही आणि तिच्यासाठी धडपडणाऱ्या दासीवर चोरीचा आळ घालून तिला हाकलतात.

आणखी एक खूण सांगून ठेवतो. म्हातारी आजी नातीच्या हातात कागदांची छोटी पेटी ठेवते, तेव्हा बहुधा त्यात दासदासींची विक्रीखतं असतात. ज्याच्या पेटीत खत, त्याच्याशी दासीची निष्ठा. सासरी नेलेल्या दासींची खतं माहेरीच राहिली तर त्या दासी सुनेच्या नव्हेत, माहेरच्या हेर आहेत असं समजून पुढचे भाग बघा.

लिन नवऱ्याला इतकी मुठीत ठेवते, मग तो वांगबाईंना बाजूला सारून तिलाच बायको का करत नाही? (पुणे)

कारण त्याची नोकरी जाईल. तांग राजवटीचा कायदा सोंगांनी ९६३ मध्ये आपल्या संहितेत घेतला. बायकोला छ्येच्या जागी ढकललं तर दोन वर्षं सक्तमजुरी आणि छ्येला बायको केलं तर दीड वर्ष. शिक्षेपर्यंत गोष्ट जावी लागत नाही. दरबारात अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारे वेगळे अधिकारी होते. कोणाच्या घरात छ्येचं राज्य चालतं ही बातमी त्यांच्या कानावर पडली की सम्राटापुढे कागद गेलाच. मिंगलानचा बाप शंग हुंग बाईवेडा असेल, पण बढतीवेडा त्याहून जास्त आहे. म्हातारी आजी त्याला दटावते तेव्हा नीतीवर प्रवचन देत बसत नाही, त्याच्या अधिकारपदाच्या टोपीची आठवण करून देते. या मालिकेतलं लिखाण इतकं पक्कं आहे ते अशा जागांमुळे.

लिनला हे सगळं ठाऊक आहे. म्हणून ती पदामागे न लागता शेतं आणि दुकानं आपल्या हाताखाली घेते आणि मुलीचं लग्न वरच्या घरात लावायच्या मागे लागते. मोलान आणि ल्यांग घराण्याच्या मुलाची भेट घडवण्याचा डाव जमतो, लग्नही होतं. फसतं ते पुढे, कारण अब्रू वाचवायला म्हणून घरात घेतलेल्या सुनेला सासू कारभार कशाला देईल?

बायकोला ‘सोडणं’ आणि ‘समजुतीने वेगळं होणं’ यांत फरक काय? चुलत बहीण शूलानच्या वेळी एवढी घासाघीस का होते? (सोलापूर)

नवऱ्याने सोडण्याची कारणं कायद्यात सात होती: मूल नसणं, व्यभिचार, सासूसासऱ्यांची अवज्ञा, फार बोलणं, चोरी, मत्सर आणि गंभीर आजार. ‘मत्सर’ या यादीत आहे, म्हणून नवरा नवी बाई आणतो तेव्हा बायकोला हसून चहा घ्यावा लागतो. ‘फार बोलणं’ही यादीत आहे, त्यावर आम्ही काही बोलत नाही. उलट तीन आडकाठ्याही होत्या. सासूसासऱ्यांचं सुतक तिने पाळलं असेल, नवरा गरिबीतून श्रीमंत झाला असेल किंवा तिला परत जायला माहेर उरलं नसेल, तर सोडता येत नसे.

‘हली’ म्हणजे दोघांच्या संमतीने काडीमोड. यात बाईवर ठपका येत नाही आणि तिचा हुंडा तिच्याबरोबर निघतो. घासाघीस असते ती याचीच. चिनी हुंड्याला आपला ‘हुंडा’ शब्द लावला की गफलत होते. तो स्त्रीधनाच्या जवळचा आहे. भाऊ वेगळे निघताना बायकांच्या माहेरून आलेला पैसा वाटणीत धरायचा नाही, असं सोंग संहितेत स्पष्ट आहे.

वेई बाळंतपणात मरते. लिनने विष घातलं का? (नाशिक)

विषाचा थेंबही नाही. लिन तिला पौष्टिक खाणं पाठवत राहते आणि पोटातलं मूल आडमाप वाढतं. ऐन वेळी सुईण आणि वैद्य मिळत नाहीत, कळा लांबतात आणि तिथेच संपतं. वैद्यकीयदृष्ट्या हे पटण्यासारखं आहे. जन्मतः चार किलोंच्या वर वजन असलेलं मूल अडण्याचा धोका जास्त असतो आणि आईचं वजन अवाच्या सवा वाढणं हे त्याचं एक कारण असतं. पाठवलेलं ताट सगळ्यांना दिसलेलं असतं, त्याबद्दल कौतुकही झालेलं असतं. मग गुन्हा शाबित करणार कसा? मिंगलानला कित्येक वर्षं गप्प बसावं लागतं ते यामुळे.

पहिल्याच भागात दोन हंसांवरून एवढा गोंधळ कशाला? (कोल्हापूर)

ते हंस नव्हेत, रानबदकांच्या कुळातले कलहंस. ऋतूप्रमाणे ये-जा करणारा, जोडीने राहणारा पक्षी म्हणून लग्नाच्या सहा विधींपैकी पाचांत तो न्यायची जुनी रीत होती. फक्त ऐवज देण्याच्या विधीत रेशीम आणि हरणाची कातडी चालत. थोरली बहीण ह्वालान हिच्या लग्नाचे हे पक्षी तिचा भाऊ पैजेवर लावून बसतो. पक्षी हरले म्हणजे भर पाहुण्यांत मुलीकडची नाचक्की.

पैजेचा खेळ आहे ‘थौहू’. अरुंद गळ्याच्या, दोन कानांच्या पितळी सुरईत लांबून बाण टाकायचे. तोंडात बाण गेला तर गुण वेगळे, कानात गेला तर वेगळे. इतिहासकार सिमा ग्वांगने १०७२ मध्ये या खेळाचे गुण नव्याने बांधून दिले होते. चिमुकली मिंगलान पुढे होऊन कू थिंगयेला हरवते. त्या दोघांची ओळख होते ती इथे. बघताना तिच्या बाणाकडे नको, आजीकडे बघा.

जाता जाता: लग्नात नवरा लाल आणि नवरी हिरव्या पोशाखात, तोंडासमोर गोल पंखा धरून. हिरवी नवरी बघून चिनी प्रेक्षकांना नवल वाटतं. हिरव्या चुड्याच्या घरात वाढलेल्यांना ते वाटू नये.

कू थिंगयेची सावत्र आई त्याच्यावर इतकी माया करते. तीच खलनायिका कशी? (इंदूर)

मायेनेच. चिनीत याला ‘फंगशा’ म्हणतात, उचलून धरून मारणं. मुलाने मारामारी केली की ती पैसे भरून मिटवते, अभ्यास बुडवला की ‘लहान आहे’ म्हणून वडिलांसमोर रडते. वडिलांचा राग दर वेळी तिच्या रडण्यानंतर वाढतो, हे लक्षात आलं का? मुलगा वाया गेला असं गावभर झालं की जहागिरी तिच्या पोटच्या मुलाकडे. मुळात थिंगयेची खरी आई मिठाच्या व्यापाऱ्याची मुलगी. घराण्यावर सरकारी देणं होतं, ते तिच्या माहेरच्या पैशाने फिटलं. ज्या पैशावर घर उभं आहे त्या पैशाच्या वारसालाच उपरं ठरवायचं, हा या घरातला खरा कट. थिंगयेने बाहेर ठेवलेली बाई मान्न्यांग त्या मानाने साधी. ती ओरडते, सुरा काढते, म्हणजे दिसते तरी.

ची हंग मिंगलानवर एवढं प्रेम करतो, मग ऐन वेळी माघार का घेतो? नेभळट वाटला. (डोंबिवली)

त्याच्या वडिलांना अडकवून ठेवलं होतं. राजपुत्राच्या घराला जावई हवा होता आणि ‘नाही’ म्हणायची किंमत अख्खं घर होती. सम्राटाला वारस मुलगा नाही, म्हणून दोन राजपुत्रांची चुरस चालू आहे, त्यातलाच हा दबाव. रन्झुंग सम्राट १०६३ मध्ये जिवंत मुलगा मागे न ठेवता वारला आणि दत्तक गादीवर आला, त्या खऱ्या इतिहासाची ही सावली. नेभळटपणाचा दोष द्यायचाच तर त्याआधीच्या काळाचा द्या. वर्षानुवर्षं तो मिंगलानला आश्वासनं देतो, पण घरी आईशी उघड बोलायचं पुढे ढकलत राहतो. तिने हिशेब केव्हाच केलेला असतो.

‘चन ह्वान’ मालिकेत पाण्यात रक्ताचे थेंब टाकून बाप ठरवतात. यात काही तथ्य? (वाचक, मडगाव)

नाही. मालिकेत (२०११, ७६ भाग, छिंग राजवाडा) महाराणीच्या माणसांनी पाण्यात तुरटी घातलेली असते, म्हणून कोणाचंही रक्त मिसळतं. तेल घातलं तर बापलेकांचंही मिसळणार नाही, असं तिथेच सांगितलंय. प्रत्यक्षात साध्या पाण्यात तांबड्या पेशी पाणी शोषून फुटतात आणि थोडा वेळ थांबलं की कोणाचेही दोन थेंब एक होतात. त्याला तुरटी लागत नाही. तुरटी तर रक्त साकळवते, दाढी करताना कापल्यावर लावतात ती त्यासाठीच. डाव पटतो तो वेगळ्या कारणाने: ज्या चाचणीचा निकाल भांडं भरणाऱ्याच्या हातात, ती मागणाऱ्यावरच संशय घ्यावा. नायिका पाणी चाखून बघते, तेवढं शहाणपण खरं.

कुठे आणि कसं बघू? नावांनी डोकं फिरतं. (नागपूर)

वीटीव्ही आणि मँगो टीव्ही या अ‍ॅपवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे. यूट्यूबवर निर्मात्यांच्या वाहिन्यांवर इंग्रजी उपशीर्षकांसह बऱ्याच मालिका सापडतात. पंचेचाळीस मिनिटांचे ७३ भाग म्हणजे पंचावन्न तास होतात, रोज एक धरला तर अडीच महिने. वेग वाढवून बघू नका, अर्धे टोमणे उपशीर्षकात जेमतेम दोन सेकंद टिकतात.

नावांसाठी एक कागद घ्या. चिनी नावात आडनाव आधी, त्यामुळे पहिला शब्द एक असलेली माणसं एका रकान्यात. बायका लग्नानंतरही माहेरचं आडनाव ठेवतात, म्हणून शंगांच्या घरात वांग आणि लिन. मुलींना क्रमांकाने हाक मारतात, ‘चौथी’ मोलान, ‘पाचवी’ रूलान, ‘सहावी’ मिंगलान. प्रत्येकीपुढे तिच्या जन्मदात्या आईचं नाव लिहा आणि कारभार सध्या कोणाकडे आहे ते पेन्सिलीने. पेन्सिलीनेच, कारण ते नाव बरेचदा खोडावं लागेल.