ओरिओल्सचं भाकीत मांडायला बसशील तेव्हा

अरे, बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या हंगामातल्या विजयांचं पहिलंच भाकीत मांडतोयस, तर फ्लोरिडातल्या सारासोटात हंगामाआधी होणारे सराव सामने बघून हुरळून जाऊ नकोस. मार्चमध्ये मुरलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चेंडूचा एखादा नवा प्रकार घोटवत असतो, धावा गेल्या तरी त्याला फिकीर नसते. शेवटच्या डावांत तर मैदानावर बरीचशी मायनर लीगची, म्हणजे खालच्या स्तरावरची, पोरंच असतात. त्यांच्यासमोर कुणी होमरनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याचा) सपाटा लावला म्हणून त्याला डोक्यावर घेऊ नये.

मागच्या हंगामाचे विजय मोजण्याआधी धावा मोज. २०१२ साली ओरिओल्सनी ९३ सामने जिंकले आणि सगळं शहर खूश झालं. पण केलेल्या धावा ७१२, दिलेल्या ७०५. केलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भाग, हंगामातल्या १६२ सामन्यांनी गुण. धावांवरून अपेक्षित विजय जेमतेम ८२ येतात. मग वरचे अकरा विजय आले कुठून? एका धावेने निकाल लागलेले सामने बघ: २९ जिंकले, ९ हरले. असं नशीब सहसा दुसऱ्या वर्षी साथ देत नाही. २०१३ मध्ये असे २० जिंकले, ३१ हरले आणि एकूण विजय ८५ वर आले. गंमत म्हणजे धावांचा हिशेब त्या वर्षी सुधारला होता!

पिचरांच्या दुखापती धरूनच चाल. आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पाच पिचरांवर अख्खा हंगाम निघत नाही, तेव्हा सहावा-सातवा कोण हे आधी शोध. आणि एकच आकडा नको, पाच-पाच विजयांची जागा दोन्ही बाजूंना ठेव.