ओकेनाइट आणि ओकणे

एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत. आपल्याकडच्या दगडात सापडणाऱ्या ओकेनाइट या खनिजाचं नाव 'ज्वालामुखी लाव्हा ओकतो' त्यातल्या ओकण्यावरून आलं का? आणि त्याला 'साखळी सिलिकेट' म्हणावं की 'शृंखला सिलिकेट'?

ओकण्याशी संबंध नाही. तरी तर्क झकास आहे, कारण ज्वालामुखीने ओकलेल्या लाव्हाच्या थिजलेल्या दगडातच, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातच, हे खनिज पोकळ्यांमध्ये मिळतं. पण नाव पडलं 1828 साली, ग्रीनलंडजवळच्या डिस्को बेटावरच्या नमुन्यावरून. फ्रान्झ फॉन कोबेल या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने ते निसर्गअभ्यासक लोरेन्झ ओकेन यांच्या नावावरून ठेवलं. गंमत म्हणजे ओकेन यांचं मूळ आडनाव 'ओकेनफुस'. त्यांनी स्वतःच ते आखूड केलं, नाहीतर आज आपण 'ओकेनफुसाइट' म्हणत बसलो असतो. शेवटचं 'आइट' ग्रीक प्रत्ययातून आलेलं. आपल्या 'चा-ची-चे'सारखं समजा. ओकेनचा दगड तो ओकेनाइट.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. सिलिकेट म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यावर उभं असलेलं खनिज. 'शृंखला' चूक नाही, पण मला त्यात बेडीचा खणखणाट ऐकू येतो. 'साखळी' मुळात शृंखलेचीच लेक, आणि बोलायला सोपी. इंग्रजी पुस्तकांत साखळीवाल्या सिलिकेटांच्या गटाला 'इनोसिलिकेट' असंही म्हणतात. हे 'इनो' म्हणजे जळजळीवर घेतो ते नव्हे, ग्रीकमधला तंतू. मधे सिलिकॉन आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन, असा चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) हा सगळ्या सिलिकेटांचा मणी. शेजारच्या मण्यांनी कोपऱ्यावरचा ऑक्सिजन वाटून घेत एका दिशेने जात राहिलं की साखळी होते, दोन दिशांनी पसरलं की चादरीसारखा पट.

ओकेनाइट मात्र कुठल्याच एका खणात नीट बसत नाही. 1983 साली मेर्लिनो या स्फटिकशास्त्रज्ञांनी त्याची रचना उलगडली तेव्हा साखळी आणि पट दोन्ही एकाच स्फटिकात सापडले. असं सिलिकेट त्यांच्या पाहण्यात पहिलंच. सूत्रात 10 कॅल्शियम, 18 सिलिकॉन, 46 ऑक्सिजन आणि पाण्याचे 18 रेणू. त्या 18 सिलिकॉनपैकी 12 पटांत, 6 साखळ्यांत. साखळ्याही दुपदरी. दागिन्यातले पदर नुसते शेजारी लोंबतात, इथले मात्र मधूनमधून एकमेकांना जोडलेले. दोघांच्या मधे कॅल्शियमचे थर. बहुमत पटांचं असल्याने काही याद्या त्याला पटवाल्यांतच टाकतात.

डोळ्यांना मात्र तो तंतूच दिसतो. मुंबई-पुण्याकडच्या खाणींतून निघालेले पांढरे लवदार गोळे विक्रेत्यांकडे 'कॉटन बॉल' म्हणून ओळखले जातात. अगदी सावरीचा कापूस! एका प्रदर्शनात मी मोहाने बोट लावलं आणि तिथले केस कायमचे चपटे झाले. (मालकाची नजर अजून आठवते.) पण दिसणाऱ्या केसावरून आतली साखळी ओळखायला जाऊ नये: क्रायसोटाइल हे ॲस्बेस्टॉसही तंतुमय असतं, आणि आतून ते गुंडाळलेला पट असतं.

तेव्हा गटाचं नाव म्हणून 'साखळी सिलिकेट' खुशाल वापरा. ओकेनाइटपुरतं मी 'साखळी-पट सिलिकेट' लिहीन.